गाव उठलं त्या साली

मामांच्या बाराव्याला, सपिंडीच्या वेळी, भटजींनी त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव विचारलं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या पाटण भागात सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात, म्हणून इथेही तसंच लिहिते. पहिली दोन नावं माझ्या थोरल्या दिरांनी, दादांनी, लगेच सांगितली. पणजोबांच्या नावाशी सगळे अडले. भावकीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी दोन वेगळी नावं सांगितली आणि दोघेही हटेनात. भटजी हातात दर्भ धरून थांबले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्यांचा आवाज आला. बारा दिवसांत त्या धड चार शब्द बोलल्या नव्हत्या. "त्यो धाकला. पटकीत गेला त्यो, लगीन बी झालं नव्हतं त्येचं. आपला त्यो थोरला." वाद तिथेच मिटला.

रात्री पाय चेपताना मी विचारलं, "आत्या, त्या थोरल्यांच्या बायकोचं नाव काय होतं?" त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. "तिला समदी थोरली म्हातारीच म्हनायची. नाव... व्हतं की कायतरी."

मला झोप लागली नाही. लग्नाआधी पटकीनं गेलेल्या मुलाचं नाव चार पिढ्यांनंतरही भावकीत टिकून होतं. जिच्या पोटी हे सगळं घर आलं, तिचं नाव मात्र कुणालाच आठवत नव्हतं. ही गोष्ट २०१८ च्या नोव्हेंबरातली. डिसेंबरात मी रोजनिशी लिहायला घेतली. आज बारावी वही चालू आहे.

मधले काही आठवडे मी वेगळाच घाट घातला होता. चाळीस प्रश्न कागदावर काढले, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो आत्यांच्या पुढ्यात ठेवला आणि रविवारी दुपारी त्यांना बोलतं करायला बसले. आत्या पदर सावरून, मांडीवर हात ठेवून, फोटोला बसावं तशा बसल्या. लहानपण कसं होतं? "व्हतं तसंच. गरिबीचं." माहेरी कोण कोण होतं? "समदी व्हती." तीन रविवारांत वीस मिनिटांचा आवाज जमला आणि त्यातला निम्मा पंख्याचा होता. फोनकडे बघितलं की त्यांचं मन मिटायचं. मी प्रश्न विचारत होते, म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षाच घेत होते.

बोलायच्या त्या भलत्याच वेळी. पावटा सोलताना, वाती वळताना, तांदळातले खडे निवडताना. हात कामात गुंतले की तोंडून एखादं वाक्य निसटायचं. त्याला मागचा संदर्भ नसायचा आणि पुढची गोष्टही नसायची. मी "मग?" म्हटलं की त्या गप्प व्हायच्या. म्हणून मी "मग?" म्हणणंच सोडलं. ऐकायचं, हूं म्हणायचं आणि रात्री भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते एक वाक्य उतरवायचं. वाक्य नसेल त्या दिवशी आपला दिवस लिहायचा: कोण आलं, काय शिजलं, भाजी काय भावानं घेतली, कुणाचं दुखलंखुपलं. पहिल्या महिन्याच्या तीस पानांत आत्यांची म्हणावीत अशी वाक्यं अकराच आहेत. तरी मी पान सोडलं नाही.

पहिल्या वहीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली. आत्यांचं बोलणं मी माझ्या शाळेतल्या मराठीत लिहीत होते. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात, आता कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली. एकदा मेथी निवडताना त्या म्हणाल्या, "आमचं गाव उठलं तवा आजीनं चूल इझू दिली न्हाई. इस्तू मडक्यात घालून नेला." मी वहीत लिहिलं, 'गावाचे विस्थापन झाले तेव्हा आजीने निखारे सोबत नेले.' आठ दिवसांनी वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. 'विस्थापन' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. गाव उठलं म्हणजे पंगत उठावी तसं, पाखरांचा थवा उठावा तसं, माणसं, गुरं, देव सगळं एकदम उठलं. आणि 'इस्तू'च्या जागी 'निखारे' आले तशी आजीच मडक्यातून सांडून गेली. त्या दिवसापासून आत्यांचं वाक्य त्यांच्याच तोंडचं लिहायचं, अवतरणात, आणि माझं जे काही असेल ते खाली वेगळं लिहायचं, हे पक्कं केलं. शब्द कळला नाही तर कळला तसा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं. अर्थ विचारला की आत्या खुलतात. आठवण विचारली की मिटतात.

हळूहळू पानाची एक रीत बसली. वर वार, तारीख आणि तिथी. तिथी हवीच, कारण आत्यांच्या डोक्यातलं सगळं कॅलेंडर तिथीचं आणि सणांचं आहे. डाव्या समासात कोण बोललं त्याचं एक अक्षर. वाक्याखाली, ते ज्या काळाबद्दल असेल तो काळ, अंदाजे असेल तर 'अंदाजे' असं लिहून. आणि ते बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलंय की कुणाकडून ऐकलंय. ही शेवटची नोंद मी पहिल्या दीड वर्षात करत नव्हते, त्याचा पुढे फार त्रास झाला. आत्यांनी स्वतः पाहिलेलं आणि त्यांच्या आजेसासूबाईंनी त्यांना सांगितलेलं, दोन्ही एकाच सुरात येतं. कुठलं कुठल्या पिढीचं ते नंतर उकलत बसावं लागतं.

साल काढणं हे मला या सगळ्यातलं सगळ्यात आवडतं काम आहे. आत्यांना साल माहीत नसतं, पण त्या वेळी जगात काय चाललं होतं ते पक्कं माहीत असतं. गाव नेमकं कधी उठलं, हा प्रश्न मी दोन वर्षं पुढेमागे करत होते. धरणाचं काम १९५४ ला सुरू झालं हे ठाऊक होतं, पण माणसं कधी हलली? कागद म्हणून घरात आत्यांच्या भावाची जुनी पत्रं तेवढी आहेत, त्यांवर 'जिल्हा कुलाबा' लिहिलेलं. कुलाब्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं, म्हणजे पत्रं त्याआधीची, एवढंच त्यावरून कळायचं. मग २०२० च्या पावसाळ्यात, खिडकीतून पाऊस बघताना, आत्या म्हणाल्या, "पुन्याचं धरण फुटलं त्या पावसात आमी नव्या जागंवर चिखलात व्हतो. डोईवर निस्तं गवात. आजा म्हनला, धरान फुटतं म्हंजी आपलंबी फुटंल, मग माघारी जाऊ." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे त्या पावसाळ्याच्या आधी गाव उठलं होतं. आत्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या.

मी साल लिहिलं आणि त्याखाली आज्याचं वाक्य पुन्हा एकदा लिहिलं. पुण्यात हाहाकार उडालेला आणि इकडे एक म्हातारा गवताखाली बसून आशेवर आहे की आपलंही फुटेल. हे वाक्य चाळीस प्रश्नांपैकी कुठल्याच प्रश्नाला आलं नसतं. अजूनही बातम्यांत 'कोयना भरली, १०५ टीएमसी' असं सांगितलं की आत्या टीव्हीकडे बघून म्हणतात, "आमचं परडं बी त्यातच हाय." दर पावसाळ्यात म्हणतात. मी दर पावसाळ्यात लिहिते.

मामांबद्दल थोडं. मामा मुंबईच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माथाडी होते. चौथी शिकलेले. गावाकडचे निम्मे पुरुष त्या काळी मुंबईत ओझी वाहत होते, बाजार पुढे नव्या मुंबईत हलला तसे आम्ही कोपरखैरण्यात आलो. मामा खिशात मावेल अशी एक डायरी ठेवायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ती हिशेबाची म्हणून कुणी कधी उघडली नाही. गावचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा माळ्यावरची ट्रंक रिकामी केली आणि त्यातल्या डायऱ्या रद्दीत गेल्या. मी तिथेच होते. गठ्ठा बांधायला सुतळी मीच दिली. ती सुतळी मला अजून दिसते.

तीन डायऱ्या बचावल्या, कारण त्या मामांच्या जुन्या कोटाच्या खिशात आणि देवघरात होत्या: १९६९, १९७४ आणि १९८२. एका दिवसाला एक ओळ, पेन्सिलीची. 'गोणी १३०. टोळी ७.' 'मनीऑर्डर १५०.' 'हातगाडीचे चाक.' पहिल्यांदा वाचताना वाटलं, यात काहीच नाही. मग २३ मार्च १९८२ चं पान आलं. 'अण्णासाहेब गेले. काम बंद. जेवलो नाही.' माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले. माथाडी कायदा १९६९ चा, आणि त्याआधी ओझ्याला ना दर होता ना सुट्टी, हे मामा नेहमी सांगायचे. पण 'जेवलो नाही' हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभराच्या त्या डायरीत स्वतःबद्दल लिहिलेले तेवढेच दोन शब्द आहेत.

१९७४ च्या डायरीनं आणखी एक धडा दिला. त्यात एका तारखेला लिहिलंय, 'मुलगी.' माझ्या नणंदेच्या जन्माची नोंद. ती भलती खूश झाली, कारण तिची शाळेतली तारीख वेगळी होती. दोन वर्षं आम्ही या तारखेला तिचा वाढदिवस केला. मग एकदा कापूस पिंजताना आत्या म्हणाल्या, "ही झाली तवा त्यास्नी कार्ड टाकलं, ते चार-पाच दिसांनी पोचलं." म्हणजे डायरीतली तारीख कार्ड पोचल्याची. तेव्हापासून कुठलीही जुनी नोंद दिसली की मी आधी विचारते, लिहिणारा त्या वेळी कुठे होता?

आता दादांची हकिकत. ही जरा सविस्तर लिहायला हवी.

२०२१ मधली एक दुपार. समोरच्या रस्त्यावर खोदकामाचं यंत्र चालू होतं आणि आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे बारीक खुळखुळत होते. आत्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "असाच आवाज आला व्हता. खालनं. आदी आवाज, मग हालनं." मी हातातलं काम सोडलं नाही, फक्त गॅस बारीक केला. त्या अर्धा तास बोलल्या. इतकं सलग त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या, नंतरही नाही. मिट्ट काळोख होता. गोठ्यात जनावरांनी दावी तोडली. मातीची भिंत "अशी भायेर झुकली आन् माघारी आली." आजेसासूबाई ऐंशीकडे झुकलेल्या, त्यांनी आत्यांना बाहेर ओढलं आणि अंगणात खाली बसवून स्वतः पोटावर आडव्या झाल्या. "म्हनली, माझं झालंय, तुझं पोटात हाय." पुढचे कितीतरी दिवस खळ्यात झोपायचं, कडाक्याची थंडी, तीन दगडांवर भाकरी. आणि मधूनच जमीन पुन्हा हलायची.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांचा. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, पण चंद्र पहाटेच्या कितीतरी आधी मावळलेला. आत्यांचा काळोख बरोबर होता. मी रात्री हे सगळं लिहून काढलं, साडेतीन पानं झाली, आणि शेवटच्या ओळीला पेन थबकलं. 'तुझं पोटात हाय.' पोटात कोण? दादा थोरले, त्यांच्याआधी मूल नाही. आणि दादांची जन्मतारीख १ जून १९६७.

ज्यांच्या घरात जुनी माणसं आहेत त्यांना १ जून सांगायला नको. मुलाला शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकायचे. आमच्या एका भावकीत सहा जण १ जूनचे आहेत. पण दादांचं सालही चुकलेलं असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आत्यांना सहज विचारलं, दादा झाले तेव्हा सण कोणता होता? "हुळी. पोरं गवऱ्या चोरत फिरत व्हती आन् मला कळा." भूकंपानंतरची पहिली होळी १४ मार्च १९६८ ला होती.

दादा सरकारी नोकरीत. त्या नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, शाळेच्या तारखेप्रमाणे ३१ मे २०२५. आईच्या आठवणीप्रमाणे त्यांची आणखी दहा महिने नोकरी होती. मला हे सांगायचं धाडसच होईना. वहीतलं पान दाखवावं की नाही, यावर आमच्या ह्यांच्याशी दोनदा बोलणं झालं. शेवटी गणपतीत दादा आले तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी साडेतीन पानं सावकाश वाचली. निवृत्तीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "म्हातारी पोटावर आडवी झाली होती?" त्यांना त्या पणजीचं तोंडही आठवत नाही. मग त्यांनी ती पानं स्वतःच्या अक्षरात एका कागदावर उतरवून घेतली. फोटो काढून देते म्हटलं तर नको म्हणाले. आता दर होळीला वहिनी पुरणपोळीचं पहिलं ताट दादांपुढे ठेवतात.

सगळंच काही लिहिलेलं नाही. प्रत्येक घरात असतात तशा आमच्याही घरात गोष्टी आहेत: जमिनीवरून तुटलेले भाऊ, एक लेक जिचं नाव घ्यायला बंदी होती, आत्यांचं एक मूल. एकदा आत्या बोलता बोलता म्हणाल्या, "ह्ये लिवू नगंस." त्या दिवसाच्या पानावर तारीख आहे आणि एक ओळ: 'आज आत्या बोलल्या. लिहिलं नाही.' मला हेच योग्य वाटतं. दुसऱ्यांनी सांगितलेल्या काही कडू गोष्टी मी लिहिल्या आहेत, पण ती पानं दुमडून कडेनं शिवली आहेत आणि वर लिहिलंय, अमुक माणसं असेपर्यंत उघडू नये. माझ्या मुलीला ठाऊक आहे. खोटं मात्र कुठेही लिहायचं नाही, गोड करून तर मुळीच नाही.

कागदाबद्दलही सांगायला हवं. पहिल्या तीन वह्या मी जेल पेननं लिहिल्या, अक्षर सुरेख दिसायचं. एका जुलैत वरच्या मजल्यावरचा पाइप गळला आणि दुसऱ्या वहीची चाळीसेक पानं निळ्या डागांची झाली. साधं बॉलपेन पाण्यानं असं पसरत नाही, तेव्हापासून तेच. शिवणीची, कडक पुठ्ठ्याची वही घ्यायची, स्पायरलची नाही. महिनाअखेरीला पानांचे फोटो काढून नणंदेला आणि दादांना पाठवते, म्हणजे तीन घरांत राहतात.

आणि सूची. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. एका जाड रजिस्टरमध्ये शब्द आणि त्यापुढे वहीचा आणि पानाचा आकडा. माणसं, गावं, शेतं, झाडं, जनावरं, भांडी, आजार. दर महिन्याला दोन तास जातात. मधे वर्षभर मी सूची केली नाही आणि त्या वर्षातलं काही शोधायचं म्हटलं की अजून जीव मेटाकुटीला येतो.

या सूचीमुळेच ती सापडली.

त्याआधी २०२२ मध्ये आमचे हेळवी गावी आले होते. हेळवी म्हणजे कर्नाटकाच्या बाजूनं येणारे, घराण्यांच्या वंशावळ्या सांभाळणारे लोक. पूर्वी नंदीवर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. त्यांनी वही काढली आणि सुरात वाचायला लागले, अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे. सात पिढ्या घडाघडा. पटकीत गेलेला धाकटाही त्यात होता. माझ्या अंगावर काटा आला. मी शेजारी बसून भराभर उतरवलं. मग विचारलं, यांच्या बायकोचं नाव? त्यांनी पान उलटून माझ्यासमोर धरलं. लेकी-सुनांची नावं त्यात लिहायची पद्धतच नव्हती. धान्य, पैसे आणि एक पितळी तांब्या घेऊन ते पुढच्या घरी गेले. मी बराच वेळ ओट्यावर बसून होते. थोरली म्हातारी तिथेही नव्हती.

२०२३ च्या दिवाळीत मामांची बहीण चार दिवस राहायला आली. करंज्या करताना जुन्या कष्टाच्या गोष्टी निघाल्या आणि ती म्हणाली, "तुमी काय कष्ट केलं? थोरल्या म्हातारीनं नवरा मेल्यावर टेक फोडलं. येकटीनं धोंडं येचलं, बांध घातला, नाचनी केली. त्यावर पोरं जगली." रात्री लिहून ठेवलं. महिनाअखेरीला सूचीत 'टेक', म्हणजे टेकाड, हा शब्द घालायला गेले तर तो आधीच तिथे होता. पहिली वही, पान १७४.

पान काढलं. २०१९ चा जून. आत्यांचं एकच वाक्य: "ठकूच्या टेकावरची नाचनी लई गोड." खाली माझी नोंद: 'ठकूआईचं देऊळ? विचारणे.' मी विचारलं नव्हतं. ते टेक आमच्याच वाट्याचं आहे, आता पडीक. तिथे बांधाला शेंदूर फासलेला एक दगड आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याला नारळ देत आलेय, ठकूआई नावाची देवी आहे असं समजून.

सकाळी आत्या चहा पीत होत्या. मी विचारलं, "आत्या, टेक थोरल्या म्हातारीनं फोडलं ना?" "व्हय." "मग ठकू कोण?" कप खाली ठेवला त्यांनी. माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओठ हलले. "अगं, ठकूच की. ठकू म्हातारी. आजेसासू म्हनायची, आमच्या ठकूबाईनं..." आणि पदर डोळ्याला लावला. साठ वर्षं दर पावसाळ्यात त्यांच्या तोंडी ते नाव होतं.

त्याच हिवाळ्यात सगळीकडे कुणबी नोंदी शोधायची धावपळ चालू होती. भावकीतला एक पुतण्या तहसील कचेरीतून जुन्या नकला काढून आणत होता, जन्म-मृत्यूच्या मोडीतल्या नोंदी मोडीवाचकाकडून वाचून घेत होता. मी त्याला म्हटलं, टेकाच्या गटाचा जुना, हातानं लिहिलेला सातबारा मिळतो का बघ. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. आता ऑनलाइन उताऱ्यात आमचा तो रिकामा आहे. पुतण्यानं आणलेल्या पिवळ्या नकलेवर त्या रकान्यात तिरक्या अक्षरात होतं: ठकीचे टेक.

घरातल्या कुणाचंच नाव इथे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. हे एक लिहिलं.

तेव्हापासून माझ्या आईचीही पानं सुरू झाली आहेत. तिचं माहेर खटावच्या दुष्काळी पट्ट्यात. बहात्तरच्या दुष्काळात तिनं आईबरोबर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनचा लाल मिलो दळला. रात्री फोनवर बोलते, मी हिरव्या शाईनं लिहिते. तिच्या आजीचं नाव मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

परवाची नोंद इथे उतरवते.

'रविवार, २१ सप्टेंबर २०२५. सर्वपित्री अमावास्या. पाऊस उघडझाप. दादा-वहिनी सकाळीच आले. खीर, वडे, भोपळा, गवार, अळू, आमसुलाची चटणी. कोथिंबीर महाग, अर्धीच जुडी घेतली. आत्यांना गुडघ्यामुळे गच्चीवर जाववत नाही, दादांनी खुर्चीत बसवून नेलं. मामांचा घास, मामांच्या आईवडिलांचा घास, आजोबांचा, थोरल्यांचा. मग आत्यांनी ताटातला आणखी एक वडा मागितला. मोडून, खिरीत बुडवून, पानावर वेगळा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ठकूबाय, ये." कावळा बराच वेळ समोरच्या टाकीवर बसून होता. चारचं पाणी आलं. आईचा फोन उद्या.'